आईला काळं स्वयंपाकघर नको होतं

आमच्या स्वयंपाकघरातली लाकडी कपाटं 1987 सालची. ओट्याखाली सहा दारं, वर भिंतीला सहा, आणि खिडकीशेजारचं उभं फडताळ, त्याची दोन. चौकटी सागवानी, मधलं पॅनेल टीक प्लायचं, आणि सगळ्यावर त्या काळचा तो मधासारखा पिवळा, चकचकीत पॉलिशचा हात. ज्यांनी ऐंशीच्या दशकात पुण्यात फ्लॅट घेतले त्यांना हा रंग वेगळा सांगायला नको. दिवाण, शोकेस, टीव्हीचं सरकत्या शटरचं कपाट, सगळं एकाच डब्यातून बाहेर आल्यासारखं दिसायचं. इतक्या वर्षांत आमच्याकडच्या मधाची काकवी झाली होती. गॅसजवळच्या दारावर बोट टेकवलं की ते सुटताना आवाज यायचा.

येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच सल्ला देई: काढून टाका, मॉड्युलर करून घ्या. एकदा बोलावलंही. एक तरुण मुलगा आला, लेसरनं मापं घेतली, टॅबवर पांढरंशुभ्र स्वयंपाकघर फिरवून दाखवलं. जाता जाता त्यानं चौकटीवर टिचकी मारली, म्हणाला, "सागवान आहे हं हे." आणि त्याच श्वासात, "जुनं सामान आम्हीच घेऊन जाऊ, त्याचे पैसे लावणार नाही." तिथे माझं ठरलं. फुकट उचलून न्यायला जो इतका तयार असतो, त्याला त्या वस्तूची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळलेली असते.

मग प्रश्न उरला रंगाचा. न्यू जर्सीतल्या माझ्या बहिणीचं घर 1992 सालचं आहे. तिच्याकडे ओकची कपाटं होती, तिकडे 'हनी ओक' म्हणतात ती, दारांवर कमान काढलेली. अमेरिकेतल्या त्या पिढीच्या घरांत बिल्डर लोक ती सर्रास बसवत. म्हणजे तिचा हनी आणि आमचा मध साधारण एकाच काळातले, एकमेकांना न विचारता एकाच रंगाचे. तिनं एका उन्हाळ्यात नवऱ्याला हाताशी धरून ती गडद तपकिरी केली. तिकडे जेल स्टेन मिळतो. तो बासुंदीसारखा दाट असतो, लाकडात फारसा मुरत नाही, वरच बसतो. त्यामुळे जुना थर मुळापासून काढावा लागत नाही, नीट धुऊन खरखरीत केला की भागतं. तिनं फोटो पाठवले आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. वॉलनट! शब्दसुद्धा कसा दमदार वाटतो. आपल्याकडे त्याला अक्रोड म्हटलं की लगेच प्रसादाची पुडी आठवते.

आईला सांगितलं, "आपण कपाटं डार्क करू या."

"काळी?"

"काळी नाही गं. गडद. अक्रोडी."

"काळीच की," ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

आईचं माहेर राजापूरजवळचं. तिच्या लहानपणीच्या स्वयंपाकघराला एक खिडकी होती, तीही पावसाळ्यात झडप लावून बंद. पावसाचे चार महिने ओली लाकडं धुमसायची आणि धूर कौलांमधून वाट काढी तेवढाच बाहेर जाई, बाकीचा घरात. वासे काळे, तुळई काळी, चुलीवर टांगलेली फळी काळी, तिच्यावर वाळत घातलेली आमसुलं काळी ती काळीच. कुणी ते लाकूड मुद्दाम रंगवलं नव्हतं. धूर, फोडणीची वाफ आणि काजूबियांचं तेल यांनी ते रंगलं. वाळवी लागू नये म्हणून कोकणात लाकडाला हे तेल चोपडायचे, होड्यांनासुद्धा. दिवाळीच्या आधी घरातल्या मुलींना फडकी बांधून त्या तुळया झटकायला चढवत. आई सांगते, दोन दिवस नाक शिंकरलं की काळं यायचं.

लग्न होऊन ती पुण्यात आली ती वाड्यातल्या दोन खोल्यांत. तिथे चूल नव्हती, वातीचा स्टो होता. पण आधीच्या भाडेकरूंनी आणि त्यांच्या आधीच्यांनी जाळलेल्या चुली भिंतींना ठाऊक होत्या. चुना मारला की महिनाभरात पिवळे ओघळ पुन्हा वर. तिथे सतरा वर्षं काढल्यावर हा फ्लॅट आला. पूर्वेला मोठी खिडकी, गॅस, बेसिन. सुतार आला तेव्हा बाबांनी लाकूड ठरवलं, कारण त्यांच्या मते सनमायका म्हणजे थिल्लर. आईनं फक्त एकच गोष्ट सांगितली, तीही रोज शाळेत जाताना दारातून, आठवडाभर: "रंग उजळ ठेवा."

हे सगळं मला तुकड्या-तुकड्यांत आधीपासून माहीत होतं. पण 'वॉलनट' म्हणताना त्यातलं काहीच माझ्या डोळ्यांसमोर आलं नाही. आता मी जो रंग पैसे मोजून डब्यातून आणणार होते, तो पुसून काढण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं.

तरीही मी हट्ट सोडला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. एक दार काढून बघते म्हटलं.

काढायला घेतलं ते फडताळाचं खालचं दार. आधी जुनं पॉलिश कुठलं ते बघायचं असतं. मागच्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावायचं आणि थांबायचं. चिकट होऊन बोळ्याला आलं तर ते लाखेचं. स्पिरिटला दाद दिली नाही पण थिनरनं विरघळलं तर लॅकर. दोन्हींना बधलं नाही तर मेलामाइन किंवा तसलंच काही, मग घासण्यावाचून सुटका नाही. आमचं लाखेचं निघालं. म्हणजे तो मधाचा रंग निव्वळ सागाचा नव्हता, किड्याचाही होता. पळस, कुसुम, बोर असल्या झाडांच्या फांद्यांवर बारीक किडे दाटीनं बसून स्वतःभोवती जो राळेसारखा थर बांधतात, ती लाख. ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचा चपडा करायचा आणि स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या गादीनं लाकडावर फिरवत राहायचं. लाखेच्या बांगड्या, पत्रांवरची मोहोर, जुन्या ग्रामोफोनच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या, सगळ्यांत हीच. रांचीजवळ नामकुमला 1924 पासून तिच्या अभ्यासाची संस्था आहे. दिवाणखान्यातल्या खुर्चीवर लाखेचं पॉलिश जे दिसतं ते कुठल्याही आधुनिक डब्यातल्या मालानं दिसत नाही, हे माझं ठाम मत. पण स्वयंपाकघरात ते लावणं म्हणजे लेकराला पावसात उभं करणं. गरम भांडं टेकलं की पांढरा डाग, पाणी साचलं की पांढरा डाग, आणि वर्षानुवर्षं तेलाची वाफ बसली की चिकट.

हे सगळं आईला रंगवून सांगत होते तर ती म्हणाली, "पुरोचनानं पांडवांना घर बांधून दिलं ते ह्याचंच ना?" आणि माझ्या हातातल्या स्पिरिटच्या बाटलीकडे बघून गॅस बंद करून आली.

धुण्याचा सोडा गरम पाण्यात घालून दार धुतलं. निघालेलं पाणी पाहून मला स्वतःच्या घराची लाज वाटली. मग स्पिरिटनं लाख काढली. मग पॉलिश पेपर: आधी ऐंशी नंबर, मग एकशेवीस, मग एकशेऐंशी. रेषांच्या दिशेनं, कधीही आडवा नाही. चौकट सुंदर निघाली. आतून सोनेरी साग, उन्हात धरला तर अजून तेलाचा वास. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग असावा, बाबांना बल्लारशाच्या मालाचं फार कौतुक होतं. मग हुरूप आला आणि शेजाऱ्यांचं घासायचं मशीन मागून आणलं. इथे माझा अतिशहाणपणा नडला. टीक प्लायवर सागाचा जो पापुद्रा असतो तो जेमतेम अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास. मशीन कोपऱ्यात क्षणभर जास्त थांबलं आणि सागाच्या मधोमध खालचं फिकट तांबूस लाकूड उघडं पडलं, पन्नास पैशांच्या नाण्याएवढं. आपल्या हातानं काही बिघडलं की पहिल्यांदा आजूबाजूला कुणी पाहिलं का ते बघावंसं वाटतं. आई बघतच होती.

ते दार तसंच बाजूला ठेवलं आणि ओट्याखालची दोन हातानं घासली, मशीनशिवाय. त्यांवर वॉलनट स्टेन लावला. स्टेन म्हणजे रंग नव्हे. रंग झाकतो, स्टेन आत जातो. फडक्यानं लावायचा, जरा थांबायचं, उरलेला पुसून काढायचा. लाकूड जितकं पिईल तितकंच गडद होतं. आणि सगळं लाकूड सारखं पीत नाही, हे मला त्या दुपारी कळलं.

चौकटीच्या टोकांनी, जिथे रेषा कापलेल्या असतात, स्पंजासारखा शोषला. तिथे जवळजवळ काळं. बेसिनखालच्या दाराच्या तळाला पाणी लागून लाकूड भुसभुशीत झालेलं, तिथेही काळं. जोडांवर कुठे सुतारानं फेव्हिकॉल पुसायचा राहिला होता, तिथे रंग चढलाच नाही, त्याच्या बोटाचा फराटा पांढरा उमटला. आडवा पेपर फिरल्याचे ओरखडे, जे कोऱ्या लाकडावर मला दिसलेही नव्हते, ते आता मांजरानं ओरबाडल्यासारखे. उजळ रंग किती पोटात घालतो हे गडद रंग लावल्याशिवाय समजत नाही.

पण मी बघत राहिले ते दुसरंच काही.

गॅसच्या डाव्या हाताच्या दाराला वरच्या कडेशी चार फिकट ठसे होते, शेजारी शेजारी. रंग त्यांना चुकवून बाजूनं गेला होता. त्या दाराला पितळी मूठ आहे, पण आईनं ती कधी धरल्याचं मला आठवत नाही. ती दार वरून बोटांनी ओढते. एका हातात झारा, दुसऱ्या हाताची बोटं तेलाची, फोडणी तडतडतेय आणि हिंगाची डबी आत. वर्षानुवर्षं तेच. तिथलं पॉलिश कधीच गेलं होतं आणि लाकूड तेल पिऊन पिऊन तृप्त झालेलं, त्यात वॉलनटला जागा नव्हती. त्याच्या शेजारच्या दारावर, जमिनीपासून साधारण दीड फुटावर, एक लांबट गोल डाग. हा कशाचा ते आधी कळेना. मग दार तात्पुरतं बसवून बघितलं आणि स्वयंपाक करतेय असं समजून उभी राहिले, हातात मोकळं पातेलं घेऊन. गुडघा आपोआप तिथे गेला. हात भरलेले असले की दार गुडघ्यानं लोटायचं. घासून घासून तिथलं लाकूड काचेसारखं झालं असणार, रंग आत शिरेना.

आईला बोलावलं. तिनं चष्मा लावून बघितलं. मला वाटलं होतं काही म्हणेल. म्हणाली, "डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन उगाच नाही झालं."

यानंतर मी शहाणी झाले आणि पॉलिशवाले मिस्त्री शोधले. मूळचे उत्तर प्रदेशातले, तीसेक वर्षं पुण्यात, मराठी कळतं पण बोलतात हिंदी. त्यांनी माझी दोन दारं अंगणात उन्हात उभी केली, डोळे बारीक करून तिरक्या नजरेनं पाहिली आणि एवढंच म्हणाले, "डार्क में सब दिखता है, मॅडम." रागावले नाहीत. मी केलेलं काम त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून केलं, हा राग नसला तरी अभिप्राय होताच.

त्यांची रीत अशी. तेल प्यालेल्या जागा थिनरनं पुन्हा पुन्हा पुसायच्या, दर वेळी नवं फडकं. मग सगळ्या दारावर मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात. लाख जवळजवळ कशावरही बसते आणि खालचं तेल वर येऊ देत नाही. म्हणजे जिला घालवण्यासाठी मी आठ दिवस झटले होते तीच पुन्हा आत आली, मात्र आता ती राणी नव्हती, पहारेकरी होती. मग रंग लाकडात मुरवत बसायचं नाही. वरच्या हातांत मिसळून पातळ पातळ थर चढवायचे, जिथे फिकट तिथे एक जास्त. शेवटी पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनच्या पॉलिशचे, दोन हात, मॅट. मशीननं पापुद्रा उडालेल्या जागेवर त्यांनी बारीक ब्रशनं सागाच्या रेषा काढल्या, पिवडी, गेरू आणि काजळी मिसळून. आज ती जागा मला माहीत आहे म्हणून दिसते.

बिजागऱ्या काढल्या तर प्रत्येक स्क्रूभोवती लाकूड काळं-निळं पडलेलं. मला वाटलं कुजलं. मिस्त्री म्हणाले लोहा है. नंतर वाचून काढलं तेव्हा कळलं: लाकडातल्या तुरट द्रव्याची आणि लोखंडाची ओल लागून गाठ पडली की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई पूर्वी अशीच करत. हिरड्यातला तुरटपणा आणि हिराकशीतलं लोह. तिकडे ओक काळा करायला लोक शिर्क्यात लोखंडाचा कीस भिजवून ते पाणी लावतात, तेही हेच. मी एका सागाच्या तुकड्यावर आधी कडक चहा आणि मग गंजक्या खिळ्यांचं शिर्का-पाणी लावून बघितलं. डोळ्यांदेखत राखाडी, मग काळसर. तासभर मी सहावीतल्या मुलीसारखी खूश होते. कपाटांवर हा प्रयोग करायला मात्र मिस्त्रींनी साफ नकार दिला. स्क्रूभोवतीचे डाग त्यांनी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्यानं उडवले.

त्यांची एक सवय मला आवडली. वापरलेलं प्रत्येक फडकं ते पाण्याच्या बादलीत टाकत, कोपऱ्यात बोळा करून कधीच नाही. मी विचारलं तर म्हणाले, अलसी के तेल का कपडा अपने आप जलता है, आदत रखनी चाहिए. आमच्या कामात जवसाचं तेल नव्हतंच, पण सवय ती सवय. मला ही अतिशयोक्ती वाटली होती. मग कळलं, जवसाचं तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यात उष्णता निघते, आणि चिंध्यांच्या ढिगात ती अडकून राहिली की ठिणगीशिवाय पेट घेते. 23 फेब्रुवारी 1991 ला फिलाडेल्फियात एका 38 मजली इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर अशीच आग लागली. लाकूडकाम नवं करणाऱ्यांनी तेलाच्या चिंध्या मागे ठेवल्या होत्या. अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. त्यानंतर बादली रिकामी करायचं काम मी स्वतःकडे घेतलं.

रंगाची छटा ठरवायला मात्र आईला बसवलं. म्हटलं, काळं करणारच आहोत तर किती काळं ते तू सांग. मिस्त्रींनी प्लायच्या तुकड्यांवर चार नमुने केले. आईनं ते ट्यूबखाली बघितले, मग खिडकीत नेऊन बघितले, मग कडप्प्याच्या ओट्यावर ठेवून बघितले. पहिल्याला म्हणाली, "हे डांबर." दुसऱ्याला, "हे गुळवणी, फार लालसर." तिसरा बराच वेळ हातात धरला. "हा चिंचोका. हा चालेल." मिस्त्रींना चिंचोका कळेना. आईनं डब्यातून एक काढून दिला. पुढचे पंधरा दिवस तो त्यांच्या खिशात होता, प्रत्येक दाराशेजारी धरून बघायचे. कुठल्याही कंपनीच्या शेड कार्डात हा रंग नाही.

तिच्या दोन अटी होत्या. कपाटांच्या आतला रंग पांढरा हवा आणि ओट्यावर उजेड हवा. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली असली तरी या वयाच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड लागतो, आणि गडद पृष्ठभाग आहे तो उजेडही गिळतो. वर चिंचोका, खाली कडप्पा, मधे माणूस. तेव्हा वरच्या कपाटांच्या पोटाखाली एलईडी पट्ट्या बसवल्या. आतून पांढरं केलं. एक गोष्ट मात्र तिच्या मनासारखी झाली नाही. दारांच्या आतल्या बाजूही पांढऱ्या राहाव्यात असं तिला वाटत होतं. मिस्त्री म्हणाले दोन्ही बाजूंना सारखाच थर हवा, नाहीतर एक बाजू दमट हवा पिईल, दुसरी नाही, आणि दार वाकेल. ते बरोबरच होतं. त्यामुळे दारं आतूनही चिंचोकाच.

आणि तिथे सिलिंडरच्या दाराचा प्रश्न आला.

ओट्याखालच्या शेवटच्या दाराआड सिलिंडर असतो. त्या दाराच्या आतल्या बाजूला आई पेन्सिलीनं तारखा लिहिते. सिलिंडर लावला ती तारीख, संपला की शेजारी दिवसांचा आकडा. हे बऱ्याच घरांत असतं. आमच्याकडे 1987 पासूनचं सलग होतं, वरून खाली बारीक अक्षरात, एक रकाना भरला की पुढचा. 38 दिवस. 41 दिवस. 19 दिवस आणि पुढे 'पाहुणे'. एका मे महिन्यात 22 आणि पुढे 'कुरडया'. माझ्या लग्नाच्या वर्षी काहीच धड नाही, आचारी आणि त्याचे सिलिंडर. 2009 मध्ये एक 71 होता. त्या आकड्याशेजारी कारण काही लिहिलेलं नव्हतं. बाबा ते दोन महिने हॉस्पिटलमध्ये होते, आणि आम्ही दोघी तिथल्याच कँटीनमध्ये जेवायचो.

मिस्त्री पेपर घेऊन थांबले होते. मी म्हटलं, हे एक दार राहू देऊ या का?

"कशाला? घासा," आई म्हणाली.

मी फोन काढला तर म्हणाली, "फोटो काढून काय करणार? गॅसवाल्याकडे हिशोब मागणार आहेस?"

फोटो काढला. मग मिस्त्रींनी घासलं. पेन्सिलीचं शिसं लाकडाच्या भुकटीत मिसळून तिचा रंग थोडा राखाडी झाला, एवढंच.

पीयूचे हात चालू असताना चार दिवस आम्ही बाहेरच्या खोलीत इंडक्शनवर पिठलं-भात खाल्ला. हार्डनर मिसळला की तो माल काही तासांत वापरून संपवावा लागतो आणि वास असा की डोळे चुरचुरतात. मिस्त्री मास्क लावत, खिडक्या सताड उघड्या, सिलिंडर गॅलरीत. पाचव्या दिवशी दारं लागली. त्याच पितळी मुठी, चिंचेनं घासलेल्या. चिंचोक्यावर पितळ इतकं देखणं दिसतं की मी बहिणीला फोटो पाठवला तर तिनं विचारलं मुठी कुठून आणल्या.

आई दुपारी चारला चहा करायला आत गेली. एलईडी लावले, ट्यूब लावली, आणि जरा विचार करून वरचा दिवाही लावला. मी दारात उभी. तिनं काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. कपाटं छान झाली होती. आणि खोली एका दुपारीत दोन फुटांनी लहान झाली होती, हेही खरं होतं. हळदीचा डाग आता दिसत नाही, फोडणीचा शिंतोडा दिसत नाही. दिसते ती कणीक. पोळ्यांच्या वेळी कुठल्या दाराला कुणाचा हात लागला ते पांढऱ्यावर काळं नव्हे, काळ्यावर पांढरं. गॅसच्या डावीकडच्या दाराला वरच्या कडेशी रोज चार बोटं उमटलेली असतात. मूठ आहे गं, असं मी एकदाच म्हटलं.

नव्या रंगानंतरचा पहिला सिलिंडर परवा सकाळी संपला. मी दुसरा लावला, कनेक्शन बघितलं, गॅस पेटवून पाहिला. आई फडताळातून पेन्सिल घेऊन आली, खाली वाकता येत नाही म्हणून स्टूलावर बसली, आणि दाराच्या आतल्या बाजूला लिहायला लागली. काळ्या मॅटवर शिसं. प्रकाशात तिरकं बघितलं तर जरा चमकतं, नाहीतर काही नाही. तिनं दोनदा गिरवलं. मला म्हणाली, माझ्या कपाटातली लोखंडी डबी आण.

त्या डबीत सुया, जुनी बटणं, दोन शिट्ट्या असतात. तळाशी खडूचे तुकडे निघाले. निवृत्त होऊन तिला वीसएक वर्षं झाली.

तिनं खडू तिरका धरला, तसाच, आवाज होऊ नये म्हणून मुलांना शिकवत असेल तसा, आणि माझ्या दोन हातांच्या इटालियन पीयूवर मोठ्या, गोल अक्षरात तारीख घातली. शाईपेनानं लिहिल्यासारखी सरळ ओळ. खाली एक रेघ मारली. मग पदरानं कोपऱ्यातला एक ठिपका पुसून बघितला.

"पुसतं बरं का," म्हणाली. "हे बरं केलंस."